सात वह्यांची आणि एका न वापरलेल्या केबलची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, दुचाकींचा मिस्त्री, वय एकोणऐंशी, शिक्षण सहावी पास (सातवीला बसलो होतो, पण ते इथे लिहून उपयोग नाही), हे मृत्युपत्र माझ्या हाताने, चष्मा लावून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला दोनदा आणला, कारण पहिल्यावरचा शिक्का पुसट उठला होता. डॉक्टर म्हणाले, "अहो, शिक्क्यासाठी परत आलात, आता मला तुमच्या डोक्याची शंका यायला लागली." हे ते हसून म्हणाले. दाखल्यावर तसे काही लिहिलेले नाही, ते मी तपासले आहे.

कलम १. याआधी मी तीन मृत्युपत्रे लिहिली. ती तिन्ही रद्द समजावीत. त्यांतले एक सापडत नाही. सापडले तर तेही रद्द. वकिलांनी बजावले आहे की खाडाखोड केली तर पुढे भांडणाला जागा राहते. म्हणून एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. मत बदलले तर खालच्या कलमात तसे लिहीन.

कलम २. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मागच्या खिडकीची कडी बाहेरून ओढली की उघडते, हे मी वीस वर्षे दोघांना सांगत आलो. आता ती त्यांची कडी आहे. बँकेतली शिल्लक कलम ४ मधल्या कामासाठी ठेवली आहे, तिला कोणी हात लावू नये.

कलम ३. गॅरेजातली सगळी हत्यारे समोरच्या गॅरेजवाल्याला द्यावीत, ज्याला सगळा रस्ता 'मोड्या' म्हणतो. नट आधी बोटांनी दोन आटे फिरवून घ्यावा आणि मग पाना लावावा, हे त्याला तीस वर्षांत जमले नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांचे किती आटे त्याने खाल्ले त्याला गणती नाही. तरी हत्यारे त्यालाच, कारण माझ्या घरात कोणाला त्यांची नावेही माहीत नाहीत.

फक्त दहा-अकराचा एक पाना वगळावा. तो मला कलम ४ मधल्या प्रवासात, अठ्ठावन्नाव्या दिवशी, रस्त्यावर पडलेला मिळाला. त्या प्रवासाच्या वह्या घेऊन मी पहिल्यांदा ज्या प्रकाशकांकडे गेलो, त्यांनी मला विचारले होते, "या प्रवासात तुम्हाला नेमकं काय सापडलं?" मी म्हणालो, "दहा-अकराचा पाना. कोणाचा तरी पडला होता." ते हसले, शेजारी बसलेले दोघेही हसले. मला वाटले, त्यांना आनंद झाला. ते का हसले हे घरी पोचल्यावर कळले. तो पाना त्यांना पोस्टाने पाठवावा. ते हयात नसतील तर त्यांच्या खुर्चीवर जो बसला असेल त्याला.

कलम ४. माझ्या वह्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी एका सिलिंडरच्या जुन्या मोटारसायकलवरून एकट्याने अकरा महिने प्रवास केला. घरी माझी आई, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी होती. का गेलो ते पहिल्या वहीत लिहिले आहे, पण नीट जमलेले नाही. गॅरेजात गाडी आली की मी आधी मीटर लिहून घेतो, मग तक्रार. तीच सवय. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दिवस कितवा आणि मीटर किती, त्याखाली मजकूर. घरी पाठवलेल्या पत्रांच्या माथ्यावरही मीटर. निघताना आकडा ३,०१५ होता. अशा सात वह्या भरल्या. त्यांचे पुस्तक व्हावे, एवढी एकच इच्छा मी तेव्हापासून धरून बसलो आहे.

प्रकाशकांचे म्हणणे पडले की अक्षर लागत नाही आणि पानांना ग्रीस आहे. म्हणून माझ्या बायकोने दोन वर्षे रोज दुपारी बसून सगळे सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. मजकूर उजव्या पानांवर, डावी पाने कोरी.

"कोरी कशाला?" मी विचारले होते.

"दुरुस्त्यांना जागा नको का?" ती म्हणाली.

मी ती प्रत उघडून पाहिली नाही. आपणच लिहिलेले काय वाचायचे? शिवाय प्रत एकच, ती पोस्टात गहाळ झाली तर? या धास्तीने मी ती कापडात बांधून ट्रंकेत ठेवली. बायकोला जाऊन अकरा वर्षे झाली. प्रत ट्रंकेतच राहिली.

तर माझी आज्ञा अशी: उजव्या पानांवरचा मजकूर जसाच्या तसा छापावा. डाव्या पानांवरचे एक अक्षरही छापू नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. गेल्या वर्षी मुलाने मला न विचारता ट्रंक उघडली आणि प्रत एका नव्या प्रकाशकांना नेऊन दिली. मी बोललो तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्ही गेल्यावर ती आम्ही उघडणारच होतो. आत्ता उघडली तर बिघडलं काय?" मग प्रकाशकांनी मला बोलावले. तिसरा मजला, खुर्च्या इतक्या खोल की बसल्यावर गुडघे हनुवटीला लागतात. प्रकाशक माझ्या मुलाहून लहान.

"आजोबा," तो म्हणाला, "उजवीकडचं राहू दे. पुस्तक डावीकडे आहे."

मी म्हणालो, डावीकडे काही नाही, ती पाने दुरुस्त्यांसाठी कोरी आहेत. त्याने प्रत माझ्याकडे फिरवली. डाव्या पानाच्या तळाशी बायकोचे बारीक अक्षर होते. 'दिवस १२. तिकडे चेन सैल. इकडे घरमालकाने पाणी तोडले.' 'दिवस ४०. तिकडे तळे फार सुंदर. इकडे मुलीला गोवर. मुलगा शाळेत सांगतो, बाबा कामाला गेलेत.' 'दिवस ६६. तिकडे एका माणसाने आग्रह करून वाढले. इकडे आग्रह करायला कोणी नाही, वाढायलाही फारसे नाही.' असे प्रत्येक पानावर. भिंतीवरच्या कॅलेंडरावर ती त्या वर्षी रोज काहीतरी टिपून ठेवायची. मला वाटायचे, दुधाचा हिशेब असेल.

"आजी कुठे असतात? भेटायला आवडेल," प्रकाशक म्हणाला.

"ती नसते," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुढची पाने उलटली. "तुमच्या बाजूला सव्वीस पानं एकच आकडा आहे, ११,३४०. एकाच जागी मुक्काम होता का? वाचणारा कंटाळेल हो." मी सांगितले की गाडी रोज चालत होती, मीटरची केबल तुटली होती. मीटर जे दाखवत नाही ते मी लिहीत नाही. अंदाजाने आकडा टाकणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला फसवतो. त्यावर त्याने तोडगा काढला: आजींचा मजकूर मोठ्या अक्षरात आणि माझा पानाच्या तळाशी बारीक, संदर्भापुरता.

अकरा महिने मी गाडी हाकली ती संदर्भापुरती. या प्रकाशकाला या मृत्युपत्रातून काहीही मिळू नये.

कलम ६. माझे मनगटी घड्याळ मुलाला. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना तो म्हणाला, "निदान आईचं तरी छापून येऊ दे." घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडते. ते दुरुस्त करून देणार नाही.

कलम ७. हे कलम नऊ दिवसांनी लिहीत आहे. शाई बदलली आहे, हात तोच आहे.

रविवारी मुलगी आली. ती इस्पितळात रक्त तपासते. मी तिला वरची कलमे वाचायला दिली, कारण अंमलबजावणी तिच्याकडे सोपवायची आहे. ती वाचून म्हणाली, "बाबा, आईचं तुम्ही वाचलंत का?"

"दोन-चार पानं पाहिली."

"पाहिलीत. वाचली नाहीत."

प्रत मी तिसऱ्या मजल्यावरून परत आणली होती. तिने ती घेतली आणि नेमकी ती सव्वीस पाने काढली. उजवीकडचे मी मनात म्हणत होतो, डावीकडचे ती मोठ्याने वाचत होती. ते इथे उतरवून ठेवतो.

'दिवस ९१. तिकडे केबल तुटली. इकडे सासूबाई घसरून पडल्या, खुब्याचे हाड.'

'दिवस ९४. पत्र नाही. सासूबाई रोज विचारतात, मीटर किती झाला. आज मी ११,६०० सांगितले.'

'दिवस ९८. पत्र नाही. १२,०५० सांगितले. बोटांवर मोजून म्हणाल्या, बराच चालवतोय.'

'दिवस १०३. ताप उतरत नाही. आज सांगितले, गाडी घराकडे फिरवली आहे. म्हणाल्या, मग आता आकडा कमी व्हायला लागेल ना? मी हो म्हटले.'

'दिवस १०७. ९,००० सांगितले.'

'दिवस ११०. ३,२०० सांगितले. म्हणाल्या, आलाच की. दुपारी गेल्या.'

त्या दिवशी माझ्या पानावर आहे: 'मीटर ११,३४०. प्लग साफ केला. रस्ता गुळगुळीत. झोप छान लागली.'

आई गेल्याचे मला सात महिन्यांनी, दारात उतरल्यावर कळले. मी बायकोला विचारले होते, आई शेवटी काही म्हणाली का? ती म्हणाली, "तुमचं विचारत होत्या." असे सगळेच म्हणतात म्हणून मी पुढे विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. मी कधीतरी डावे पान उघडीन, असे तिला वाटले असणार. उतरवून पुरे झाल्यावर ती चौदा वर्षे जगली, आणि ट्रंक आमच्याच पलंगाखाली होती.

मुलीने प्रत मिटली. "त्या दिवसांत तुम्ही पत्र का नाही पाठवलं?"

"मीटर बंद होता. माथ्यावर काय लिहिणार?"

"नुसतं लिहायचं ना, मी बरा आहे म्हणून."

मला ते सुचलेच नव्हते.

"आणि केबल कुठे मिळत नव्हती का?"

"होती. हत्यारांच्या डब्यात नवी कोरी होती. पुढे याहून वाईट वेळ आली तर असावी म्हणून जपून ठेवली. सव्वीस दिवसांनी एका गावात जुनीच डाख देऊन सांधून घेतली."

"मीटरच्या केबलवर याहून वाईट वेळ कोणती येते, बाबा?"

ती उठली, मागच्या खिडकीची कडी ओढून बघितली, परत येऊन बसली आणि जाईपर्यंत दुसऱ्याच विषयावर बोलत राहिली.

कलम ८. कलम ४ मधली आज्ञा रद्द. नवी आज्ञा अशी: डावे पान डावीकडे, उजवे पान उजवीकडे, दोन्हींचे अक्षर एकाच मापाचे. माझी सव्वीस पाने ११,३४० वरच ठेवावीत. त्यांच्यासमोर तिचे आकडे, चढते आणि उतरते, तसेच ठेवावेत. कोणी शहाण्याने ते जुळवायला जाऊ नये. कव्हरवर तिचे नाव आधी.

यात माझे लिहिणे फिके दिसेल, ते मला समजते. उजवीकडचे मी या आठवड्यात पुन्हा वाचून काढले. अकरा महिन्यांत एकही माणूस त्यात दोनदा येत नाही. तरी ते गाळू नये. ते गाळले तर ती कोणाशी बोलत होती ते कळणार नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रकाशकाला हे मान्य असेल तर त्याने छापावे, आणि कलम ५ मधले शेवटचे वाक्य मी मागे घेतो. मान्य नसेल तर शेजारच्या छापखान्यात छापून घ्यावे. तो पावत्या आणि लेबले छापतो, पुस्तक त्याने कधी केलेले नाही, पण दिलेले शब्द बदलायची त्याला सवय नाही. बँकेतली शिल्लक याच कामाला. अंमलबजावणी मुलीने करावी. ती मला पुन्हा काही विचारणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसते, आणि तेच मला टोचते.

कलम ९. मोटारसायकल मुलीला. तिने ती चालवावी किंवा विकावी, फक्त झाकून ठेवू नये. डाख दिलेली केबल प्रवास संपता संपता पुन्हा तुटली, आणि मीटर तेव्हापासून ३१,९०६ वर आहे. नवी केबल मी आज सकाळी, दोन्ही साक्षीदारांच्या समोर, बसवली. चव्वेचाळीस वर्षांनंतरही ती आतून ओलसर होती, कारण मी दरवर्षी तिला तेल देत होतो. गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक हाताने फिरवले. एका किलोमीटरला किती फेरे लागतात ते मला पाठ आहे, पण मोजले नाहीत. दंड भरून आल्यावर छापखानेवाल्याने फिरवले, मग पुन्हा मी. शेवटचा आकडा हलला.

आता पत्राच्या माथ्यावर लिहायला आकडा आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, दोनदा. जे रद्द आहे ते रद्द, बाकीचे खरे.

सही केली आहे. शंका नको म्हणून शेजारी अंगठाही उठवला आहे.

साक्षीदार पहिला: शेजारचा छापखानेवाला. याने सही करताना वर काय लिहिले आहे ते वाचले नाही, असे तो म्हणतो.
साक्षीदार दुसरी: माझ्या डॉक्टरांकडची कंपाउंडर. दोघांनाही मी काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवले की अडचण होते. त्यांनी राग मानू नये.

ठिकाण: गॅरेज, उजव्या भिंतीलगत, गाडीपाशी.
दिनांक: एकोणीस मार्च.
मीटर: ३१,९०७.