तोलघर आणि त्याच्यापुढची वाट

मी, धक्क्याच्या तोंडाशी गळ, दोरी आणि आमिष विकणारी बाई, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचे सांगितले आहे. पाय ठिकाणावर नाहीत, पण सहीला पाय लागत नाहीत. कोणी धाकदपटशा केलेला नाही. तसा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

१. राहते घर मुलीला. तिने माझे दुखणे काढले आणि ते काढताना तोंडही वाजवले. शिशाची वजने ओतायचा साचा तिने भंगारात घालू नये, भावाला द्यावा.

२. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. बांगड्या सूनबाईला. ती घरात आली तेव्हा, हिला मासळीचा वास सोसायचा नाही, असे मी चारचौघांत म्हटले होते. तिने सोसला, आणि मलाही सोसले.

३. आता तोलघर. यावरून कुरकुर होणार, म्हणून सविस्तर लिहिते.

धक्का बांधला तो कोळशाच्या जहाजांसाठी. माझे वडील पाठीवर कोळसा वाहत. जहाजे मोठी झाली, दुसऱ्या बंदराला लागू लागली, कंपनी बुडाली. थकलेल्या मजुरीऐवजी वडिलांना कोळसा तोलायची ही खोली आणि तिच्यापुढची जमिनीची पट्टी मिळाली. आईने कपाळाला हात लावला. पण काम गेलेले हमाल कठड्यावरून गळ टाकू लागले आणि सगळी वस्ती त्या मासळीवर जगली. वडिलांनी खोलीत आमिष विकायला ठेवले. माझ्या लग्नाच्या सुमारास तर सुट्टीच्या दिवशी कठड्याला कोपर टेकायला जागा मिळत नसे.

मग खाडीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. पाणी आज तांबडे, उद्या हिरवे. मासे पळाले, मागोमाग माणसे आणि दुकानेही. दोनच उरली: माझे, आणि समोर गळाची रिळे दुरुस्त करणाऱ्याचे. त्याला सगळे आडमुठ्या म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. ताडपत्रीच्या सावलीवरून, बाकड्यावरून, केर कोणाच्या दारात उडाला यावरून आम्ही भांडलो. नगरपालिका धक्क्याच्या फाटकाला कुलूप घालायला टपलेली, पण कोणी धंदा करत असेल तोवर तिला ते घालता येत नव्हते. मी रोज म्हणत असे, "आधी त्याला बंद करू दे, मग मी करते." पुष्कळ वर्षांनी त्याची बायको म्हणाली, "अहो, आमच्याकडेही रोज हेच चालायचं." शेवटी कारखानाच बंद पडला. पाणी निवळले, मासे परतले, आणि गळवाले आले तेव्हा फाटक उघडे होते.

आता एका हॉटेलवाल्याला धक्का हवा आहे. छत्र्या, खुर्च्या, दाराशी तिकीट. गळवाल्यांना तिथे उभेही करणार नाहीत. नगरपालिका धक्का भाड्याने देईलही, पण धक्क्यावर जायची वाट माझ्या पट्टीवरून आहे. ती त्याच्या हाती गेली की सगळे संपले.

मुला, तू माझा जीव आहेस, पण भिडस्त आहेस. हॉटेलवाला आला तेव्हा "बघू या, विचार करतो," म्हणत तू त्याला जेवायला बसवलेस. तोच माणूस आडमुठ्याची जागा मागायला गेला, तर त्याने मान वर न करता सांगितले, "उजेड अडवू नका. स्क्रू दिसत नाही." हॉटेलवाला अजून त्या बाजूला फिरकलेला नाही.

सबब तोलघर व पट्टी मी आडमुठ्याला देत आहे. वाट सर्वांना फुकट आणि मोकळी राहावी. मुलाने आमिषाचा धंदा तिथेच करावा. त्याच्याकडे भाडे मागू नये. आडमुठ्याच्या पश्चात ही मिळकत त्याच्या नातीला जावी. धक्क्यावर कोणा जोडप्याच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याने "जरा बाजूला हो," म्हटल्यावर जी गळ टाकून उभी असलेल्या कठड्यापासून तसूभर हलली नाही, तीच ही नात.

४. साक्षीदारांविषयी. आडमुठ्याला साक्षीला मीच बोलावले होते. तो इस्त्रीचा सदरा घालून आला. तेवढ्यात वकिलांनी मला हळूच सांगितले की ज्याला मिळकत द्यायची, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. हे कारण त्याला सांगावे, तर तो तिथल्या तिथे नको म्हणाला असता. मी एवढेच म्हटले, "तुझी सही नको."

"मग बोलावलंत कशाला?" तो म्हणाला. "माझ्यावर एवढाही भरवसा नाही ना तुमचा? राहू दे." आणि गेला. हे लिहिताना तो मला खिडकीतून दिसतो आहे, माझ्याकडे पाठ करून बसला आहे.

माझा या धक्क्यावर सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावरच आहे. मृत्युपत्र उघडाल तेव्हा हे कलम त्याला सर्वांआधी वाचून दाखवावे. तोवर तो माझ्यावर रागावलेलाच असेल.

सही: आमिषवाली

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर
२. (सही) शेजारची शिंपीण, आडमुठ्याऐवजी

स्थळ: तोलघर
दिनांक: ९ मार्च