अब्बांना विचारलं

अजिमभाई, सलाम.

अब्बांचा कॅन्सर आता बरा होणार नाही. काल डॉक्टरीण म्हणाली, पुढे हृदय थांबलं तर छाती दाबून, मशीन लावून चालू करायचं का, ते आत्ताच ठरवा. मी तिला खुणेनं बाहेर बोलवत होते. अब्बांनी पाहिलं.

"निलोफर, गिऱ्हाईकाला न विचारता मी कधी इंजिन खोललंय?"

मग तिनं त्यांनाच विचारलं. "नको. घरीच राहू द्या," म्हणाले.

आज ते गॅरेजबाहेर खुर्ची टाकून बसलेत. गोळ्यांनी दुखणं कमी आहे. येईल त्या गाडीच्या आवाजाला नावं ठेवतायत.

हे पत्र दुबईला पाठवत नाही. जुम्म्याला ते स्वतःच तुला फोन करून सांगणार आहेत. तू मध्येच बोलशील, ते आवाज चढवतील. तेवढा दम आहे अजून.

तुझी,
निलोफर