अंगठ्याला झेपेल एवढा ताण

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. आपले फोनवर बोलणे झाले त्याला आठवडा होऊन गेला. तेव्हा मी नुसते "हो, हो" म्हणत राहिलो, म्हणून आज हे सविस्तर लिहीत आहे. आम्ही सर्व खुशाल आहोत. हिचा गुडघा बरा आहे. धाकटीची परीक्षा संपली असून सध्या ती झोप या एकाच विषयाचा अभ्यास करते. माझे अक्षर नेहमीसारखे नाही, हे तुझ्या नजरेतून सुटणार नाही. त्याचे कारण ओघात येईल.

तू आमच्याकडे कायमची राहायला येणार हे ऐकून घरात आनंद आहे. खोलीविषयी लिहायचे आहेच. परंतु प्रथम चाकूविषयी.

चाकू सोबतच्या डबीत आहे. पत्र वाचून होईपर्यंत डबी उघडू नकोस. तू नेमके उलट करशील हे मला ठाऊक आहे, तरीही लिहितो.

तू भाच्याच्या हाती तो पाठवलास तेव्हा निरोप होता, "आठवण म्हणून मामाला दे. माझ्या हाताला आता उघडत नाही." मी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पाहत बसलो. या चाकूने तू किती झाडांवर डोळे भरून कलमे केलीस त्याचा अंदाज करू लागलो आणि नाद सोडून दिला. रोपवाटिकेत येणारे लोक अजूनही "ताईंनी डोळा भरलेला गुलाब द्या" असे म्हणून मागतात, हे मी आमच्या कचेरीत इतक्या वेळा सांगितले आहे की आमचे मोठे साहेब मला पाहिले की म्हणतात, "काय, आज ताईंचा कोणता गुलाब?"

रोपवाटिकेचा मालक तुला म्हणाला, "ताई, घडीचा चाकू कशाला? सरळ उघड्या पात्याची सुरी वापरा." तू नाही म्हणालीस. ते मला फार आवडले. एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते मिटलेले असले पाहिजे, हा तुझा नेम. पाते मातीला, कपड्याला, कुणाच्या अंगाला लागू नये आणि प्रत्येक झाडाला कोरी धार मिळावी, म्हणून. पण त्यामुळेच तो चाकू दिवसभर उघडावा लागतो, मिटावा लागतो. आणि नखाच्या खाचेत अंगठा रुतवून पाते ओढणे संधिवाताने धरलेल्या हाताला जमेनासे झाले. तेव्हा मालकाने तुझ्या रोपांच्या ओळी दुसऱ्या कुणाला द्यायचे ठरवले आणि तुला गल्ल्यावर बसायला सांगितले. गल्ल्यावर बसण्यापेक्षा भावाकडे गेलेली बरी, असे तू ठरवलेस. माझा हिशेब बरोबर आहे ना?

मग मी असा विचार केला. अंगठा बदलता येत नाही. चाकू बदलता येईल का, ते पाहावे.

आमच्या इमारतीखाली कुलपे दुरुस्त करणारा बसतो. त्याच्याकडून चाकू घट्ट धरून ठेवायला शेगडा मागितला आणि घासायला बारीक कानस. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बी.कॉम. ना?"

"हो."

"मग चाकू माझ्याकडे द्या आणि तुम्ही माझे हिशेब बघा. दोघांचंही भलं होईल."

मी दिला नाही. हे काम मला स्वतःच करायचे होते. रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी मी खिडकीपाशी बसू लागलो.

प्रथम पाते जिच्याभोवती फिरते ती खीळ काढली. जुनी खीळ ठोकून पक्की केलेली होती, ती कापावीच लागली. तिच्या जागी आता स्क्रू आहे. आतला सांधा उघडल्यावर दिसले की वर्षानुवर्षांचा झाडांचा चीक वाळून काळा दगड झाला आहे. तो खरवडून काढला आणि भरपूर तेल सोडले. चाकू असा उघडू लागला की मी हिला हाक मारून दाखवला. ही म्हणाली, "छान. आणि या तेलाच्या पात्यानं वन्सं डोळा भरणार का?"

खरे होते. तेल लागलेला काप जोडत नाही, हे लहानपणी तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकले होते. पुन्हा सगळे सुटे केले, साबणाने धुतले, वाळवले. तेलाऐवजी सांध्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली. ही युक्ती कुलूपवाल्याची. ती सांगताना त्याने माझ्याकडून दोन वेळा "कृपया" म्हणवून घेतले.

तरीही पाते जड होते. मूळ ताण स्प्रिंगचा. पात्याच्या बुडावर मुठीतली पट्टी दाबून बसते, तिच्यामुळेच चाकू मिटलेला मिटलेला राहतो आणि उघडलेला उघडा राहतो. मी पट्टीचा वाक कमी केला. चाकू फुंकरीने उघडावा इतका हलका झाला! मी फुशारून गेलो. गॅलरीतल्या जास्वंदीची एक फांदी छाटून पाहावी म्हटले. फांदीवर जोर दिला, आणि पाते अलगद मिटून माझ्या तर्जनीवर आले.

अक्षराचे कारण हे. जखम भरत आली आहे, काळजीचे कारण नाही. पण धाकटीने पट्टी बांधता बांधता विचारले, "बाबा, आत्याचा चाकू उघडायला हलका हवा, मान्य. मिटायला पण हलका हवा असं तिनं कधी म्हटलंय?"

माझी संपूर्ण चूक त्या एका प्रश्नात होती. उघडणे आणि मिटणे या दोन वेगळ्या बाबी, आणि मी त्या एकाच खात्यात टाकल्या होत्या. आमच्या कचेरीत एखाद्या उमेदवाराने असे केले असते तर मी त्याला फैलावर घेतले असते.

पट्टीला पूर्वीचा वाक दिला. मग भिंगाखाली पात्याचे बूड पाहिले. मिटलेल्या स्थितीत पट्टी त्याच्या एका कडेवर टेकते, उघड्या स्थितीत दुसऱ्या. उघडताना जी कड आडवी येते, तेवढीच मी कानशीने गोल करत गेलो. दोन घासे, मग जुळवणी, मग चाचणी. पुन्हा सुटे. दुसरी कड मात्र चौकोनीच ठेवली. तिला हातही लावला नाही. आता चाकू सहज उघडतो आणि उघडल्यावर ठाम उभा राहतो. मिटताना तू तळहाताने दाबतेस. तिथे अंगठ्याला काही काम नाही, म्हणून तो ताण जसाच्या तसा राहू दिला. शेवटी स्क्रू. थोडा सैल झाला की पाते डुलते, थोडा घट्ट झाला की अडते. या दोहोंच्या मधली जागा केसाएवढी आहे, आणि ताई, ती मला सापडली आहे.

कुलूपवाल्याने चाकू हातात घेतला. उघडला, मिटला. उघडून टेबलावर दाबून पाहिला. मग म्हणाला, "उद्यापासून इथं बसू नका हं. माझं गिऱ्हाईक पळवाल." आयुष्यात मला बढत्या मिळाल्या आहेत. पण हे वाक्य मी घरी येऊन तिघांना सांगितले. शेजारच्यांना धरले तर चौघांना.

तुझ्या अंगठ्याला किती ताण झेपेल हे मला कसे कळले, असे तू विचारशील. मागच्या खेपेस तू आली होतीस तेव्हा तुझी आखडलेली बोटे पाहून मी सामान तोलायचा टांगता काटा तुझ्यापुढे धरला होता आणि म्हटले होते, "ताई, हा नीट चालतो का बघ, अंगठ्याच्या चिमटीत धरून ओढ." तू हसत हसत ओढलास आणि धाकटीशी पैज लावलीस. काट्याने किती दाखवले ते मी पाहिले. इथे लिहीत नाही. त्या आकड्याच्या निम्म्याहून कमी ताणाला हा चाकू उघडतो. गार सकाळी बोटे आखडतात, तेही धरले आहे.

आता खोली.

खोली तयार नाही. रंग दिलेला नाही, कपाट रिकामे केलेले नाही. पलंग ठरवला होता, तो मी येऊ दिला नाही. तुझ्यासाठी ठरलेल्या खिडकीपाशी माझा शेगडा आहे आणि जमिनीवर लोखंडाचा कीस. ही माझ्यावर भयंकर चिडली. "वन्संनी यावं म्हणून इतकी वर्षं त्यांच्या मागे लागलात. आता त्या येते म्हणतायत तर तुम्ही पलंगाची जागा अडवून बसलात! त्यांना काय वाटेल?"

मी चाकू तिच्या हातात दिला. तिने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग खुर्चीवर बसून म्हणाली, "हे पत्रात नीट लिहा. नाहीतर त्यांना वाटेल, आपल्याला त्या नकोत."

म्हणून नीट लिहितो. तू ये, असे मी नेहमी म्हणत आलो, कारण तू एकटी राहतेस याचा मला घोर होता. तो अजूनही आहे. पण तू येते म्हणालीस तो आवाज मी ऐकला. तो माझ्या ताईचा आवाज नव्हता. चारचौघांत मान वर करून मी जिच्याविषयी बोलतो, ती ओळीत गुडघे टेकून बसते, साल उचलते, डोळा बसवते आणि पट्टी बांधून होईपर्यंत श्वाससुद्धा सोडत नाही. तिला मी या खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसलेली पाहू शकणार नाही. पाहुणी म्हणून कधीही ये. माझा शेगडा हलवून तुझे अंथरूण घालू. थकून आलीस तर जन्मभर राहा. चाकू उघडत नाही म्हणून येऊ नकोस.

डोळे भरायचा हंगाम तोंडावर आहे. मालकाने ओळी अजून कुणाच्या नावावर केलेल्या नाहीत. मी त्यांना फोन करून विचारले, त्याबद्दल रागवायचे तर रागव. ते म्हणाले, "ताईंनी माझ्यासमोर चाकू उघडून दाखवला, तर मी कोण नाही म्हणणारा?"

आता डबी उघड. चाकू उघडला तर तशीच मालकाकडे जा. मला नंतर कळवलेस तरी चालेल. अडला, तर कुठे अडतो ते लिहून परत पाठव, मी पुन्हा बसेन. आणि माझे सगळे उपाय संपले, तर तुला न्यायला मी स्वतः येईन आणि त्याच दिवशी पलंग येईल.

तोपर्यंत, तुला घरी ये न म्हणणारा,

तुझाच धाकटा भाऊ