काकांची न किडलेली बाग

३ जुलै
आणखी एक बाग गेली! मिशीवाले बागायतदार आज आमच्या कृषी संशोधन केंद्रात आले, खांद्यावर पोतं. माझ्या टेबलाजवळ ओतलं — सगळी किडकी सफरचंदं. "घ्या मॅडम. तुमच्या भरवशावर पिकवलीत." एवढंच बोलले आणि गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शिपाई केर भरायला आला, त्याला परत पाठवलं. मीच खाली बसून एकेक फळ कापत राहिले. प्रत्येकात अळी. गुबगुबीत, सुखात!

४ जुलै
या लोकांनी फवारणी बंद केली ती माझ्या सांगण्यावरून. घसा कोरडा होईपर्यंत मीच सांगत होते — विषारी औषधं सोडा, मित्रकीटकांची कार्डं झाडाला टांगा. कार्डातून डोळ्यांना धड दिसणारही नाहीत असे कीटक निघतात, पतंगाची अंडी फस्त करतात, अळी जन्मालाच येत नाही. पुरावा? काकांची बाग! दोन हंगाम तिथे प्रयोग केला. शोधून किडकं फळ सापडत नव्हतं. तीच फळं सगळ्यांना दाखवली. त्यांचा विश्वास बसला. माझा तर होताच.

यंदाही तीच कार्डं, तीच पद्धत. आणि जाईन त्या बागेत अळी.

६ जुलै
कार्डं पुन्हा तपासली. कीटक जिवंत, धडधाकट. टांगायची वेळही चुकलेली नाही. साहेब म्हणतात, "हवामानावर ढकला. हवामान काही खुलासा मागायला येत नाही." स्वतःच हसले. मला नाही आलं हसू. हवामानावर ढकललं की ही माणसं पुढच्या वर्षी पुन्हा माझंच ऐकणार, आणि पुन्हा बुडणार. मला खरं कारण हवंय!

९ जुलै
सगळं बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

११ जुलै
काका असते तर त्यांच्याकडे जाऊन बसले असते. हिवाळ्यात गेले ते. अजून सवय होत नाही. "किड्यांची डॉक्टरीण" म्हणायचे मला. माझ्या सख्ख्या वडिलांनी मी काय काम करते ते कधी विचारलं नाही. काका मात्र कार्ड नाकाशी धरायचे — "यात जीव आहे म्हणतेस? बघू, बघू."

पहिल्या वर्षी सुरुवातीलाच त्यांच्या बागेत अळ्या दिसल्या होत्या. साहेब प्रयोग गुंडाळायला निघालेले. मी झाडाखाली बसून भोकाड पसरलं — एवढी घोडी झालेली, आणि त्यांच्यासमोर! काका गडबडूनच गेले. "रडू नको गं पोरी. होईल, सगळं नीट होईल." पुढच्या मोजणीला खरंच नीट झालं. मी नाचायचंच काय ते बाकी होतं.

फार आठवण येते त्यांची.

१५ जुलै
धीर करून काकांच्या बागेत गेले. वाटलं होतं, निदान तिथे तरी — तिथेही अळी! काकूंनी कार्डं अगदी वेळच्या वेळी टांगली होती. "यांनी तुला शब्द दिलेला ना," म्हणाल्या.

बाकीच्या बागांचं त्यांना काही सांगितलं नाही. आधीच खचल्यात, आणखी घोर कशाला? "किती उतरलीस गं," म्हणाल्या. मग काहीतरी बोलायला गेल्या, थांबल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. आता दाखवायला माझ्याकडे एकही बाग उरली नाही.

१६ जुलै
काकूंचा फोन. "काल तुझं तोंड बघून सांगवलं नाही मला. हे रोज उजाडायच्या आत तुझी झाडं धुंडाळायचे. किडकं फळ दिसलं की तोडायचे, लांब नेऊन पुरायचे. तुला कळता कामा नये म्हणून मला दम भरलेला. म्हणायचे, पोरगी पुन्हा रडायला नको. यंदा मी करणार होते गं, पण गुडघे साथ देत नाहीत."

म्हणजे दोन वर्षं मी मोजली ती काकांनी माझ्यासाठी झाडावर ठेवलेली चांगली फळं; कार्डांचा गुण नव्हताच! त्यांचा राग यायला हवा. येत नाहीये. उद्या हे सगळ्या बागायतदारांसमोर सांगायचंय, मिशीवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून.

"त्यामुळे तुझं काही नुकसान तर नाही ना झालं?" काकूंनी विचारलं.

नाही म्हटलं.