सुका बोंबील आणि शुद्धिस्थान

नेरूळ,
ऑक्टोबरअखेर

प्रिय चारुवहिनी,

पत्र बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, मी तर नाहीच. फोन करणार होतो, पण तुम्ही फोनवर "बोला भावजी" म्हणाला असतात आणि मी उकाडा किती आहे ते सांगून ठेवून दिला असता. आपण दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलतो, तिथेच सगळं अडतं. तुम्ही आणि माझी रेजिना समोरासमोरच्या दारांत इतकी वर्षं राहिलात, पण सभ्यपणे कधी बोलला नाहीत. म्हणून तर तुमचं इतकं जमायचं.

तुमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. दोघंही ऐरोलीला कामाला. म्हणजे तुम्ही इथून तिथे लेकाकडे, प्रसादकडे राहायला गेलात आणि ते तिथून इथे झोपायला येतात. त्यांच्याकडून फोडणीचा वास म्हणून येत नाही. लिफ्ट अजून तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबते. तुमच्या बंडूभाऊंनी जिन्यात लावलेली तुळस मात्र जिवंत आहे. तिला पाणी मी घालतो, आणि ख्रिस्ती माणूस तुळशीला पाणी घालतो म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मला बघून हात जोडतात. त्या आधी माझ्याकडे बघून नाक दाबायच्या, त्यामुळे माझी चांगलीच बढती झाली म्हणायची.

दुसरी बातमी अशी की गेले आठ-नऊ महिने माझं चर्चशी भांडण चालू होतं. कारण रेजिनाच. येत्या जानेवारीत तिला जाऊन वर्ष होईल. आमच्यात माणूस गेला की तडक स्वर्गात पोचतोच असं नाही. अगदीच वाया गेलेल्यांना नरक आहे. पण देवावर भरवसा ठेवणारे आणि तरी शेजाऱ्यांच्या चुगल्या करणारे, असे जे आपल्यासारखे मधले लोक असतात, त्यांच्यासाठी शुद्धिस्थान असतं. तिथे आत्मा स्वच्छ होतो आणि मग वर जातो. त्याला स्वतःसाठी काही करता येत नाही. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना करायच्या, त्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, अर्पण करायची, त्याची त्याला मदत होते. तुमचा जसा पितृपक्ष, तसा आमचा नोव्हेंबर.

रेजिनाच्या महिन्याच्या मिस्सासाठी फादर सनी तिचं नाव विचारायला आले, तर मी नाही म्हणालो. म्हटलं, माझी बायको शुद्धिस्थानात नाही. जिने माझ्यासारख्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केला, तिची जी काय शुद्धी व्हायची ती माझ्याच घरात झाली. तिच्या नावाने मिस्सा लावायची म्हणजे ती तिथे अडकली आहे असं मी लिहून दिल्यासारखंच. फादर केरळचे, वयाने आपल्या प्रसादएवढे, मराठी इथेच नेरूळमध्ये शिकलेले. ते हसून म्हणाले, "अंकल, पर्गेटरी मंजे पनिशमेंट नाय. घरात बोलावलं हाय, फक्त पाय धुवून आत यायचं." मी म्हटलं, मासळीबाजारातून आल्यावर सगळ्या बिल्डिंगला पाय धुवायला लावणारी बाई ती, तिला कोण पाय धुवायला सांगणार.

माझी मेहुणी सिसिलिया वसईहून रोज फोन करून मला नास्तिक ठरवू लागली. बहिणीचा आत्मा तळमळतोय आणि भावोजी घरी बसून टीव्ही बघतायत, असं तिने सगळ्या गावाला सांगितलं. मग मीही हट्टाला पेटलो. ठरवलं, रेजिनाची सगळी पापं आठवायची आणि ती किती फालतू होती ते फादरना दाखवून द्यायचं. वहिनी, इथेच माझं चुकलं. आठवायला बसलो आणि थांबताच येईना.

घरात बोंबील तळायचा झाला की ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आधीच सांगून ठेवायची, आज खाडीचा वास फार येतोय नाही. चर्चच्या सणाला हाउजी खेळताना न पुकारलेले आकडेसुद्धा बिनधास्त कापायची आणि पकडली गेली की चष्म्याला दोष द्यायची. प्रवचन चालू असताना झोपायची, पण रोझरीचे मणी बोटांत फिरत राहायचे, त्यामुळे मागच्या बाकावरच्या बायका तिला मोठी भाविक समजायच्या. सारसोळ्याच्या मासेवाल्या बायजाबाईला दर आठवड्याला सांगायची की मागचं पापलेट शिळं होतं. ते शिळं नसायचं. मी खाल्लेलं असायचं. अशा एकेका पापावर मी एकटाच सोफ्यावर बसून हसत होतो. आणि मग तुमचा कावळा आठवला.

तुम्हाला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. तरी माझ्या बाजूने सांगतो, कारण तुम्ही ताटाजवळ उभ्या होतात आणि मी टाकीपाशी. बंडूभाऊंचं पहिलं श्राद्ध. टेरेसवर तुम्ही पान ठेवलेलं, भात, वडे, खीर, आणि त्यांना आवडायची म्हणून गवारीची भाजी. कावळा समोर टीव्हीच्या डिशच्या छत्रीवर बसलेला, पण खाली उतरायला तयार नाही. तुम्ही काय काय कबूल केलंत. स्कूटर विकणार नाही म्हणालात, प्रसादचं लग्न त्याच्या पसंतीने करीन म्हणालात. कावळा ढिम्म. सकाळपासून तुमच्या पोटात काही नव्हतं, डायबेटिसची गोळी मात्र घेतलेली. रेजिना मला म्हणाली, "इनास, हिला चक्कर येणार बघ." आणि खाली गेली. वर आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. तुम्ही डोळे मिटून उभ्या होतात, तेवढ्यात तिने सुक्या बोंबलाचे दोन तुकडे वड्याखाली सरकवले. त्याच वेळी तुम्ही शेवटचं बोललात. मोठ्याने नाही, पण मला ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "मी राहीन नीट. रडत नाही बसणार. जा आता." आणि कावळा उतरला.

तुम्ही त्या दिवशी जेवलात, वर्षभरात पहिल्यांदा पोटभर. रेजिनाने घरी येऊन मला दम दिला की तोंडातून शब्द काढायचा नाही. मी तो काढला नाही. तिनेच काढला, पुढच्या वर्षी, सोसायटीच्या सत्यनारायणाच्या जेवणात, त्याच टेरेसवर. टाकीवर एक कावळा येऊन बसला आणि कुणीतरी म्हणालं, बंडूभाऊ आले. सगळे हसले. हसणारी माणसं दिसली की रेजिनाला राहवायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिने सगळी गोष्ट सांगितली, बोंबलासकट, कावळ्याची नक्कल करून. लोक पोट धरून हसले. तुम्ही हातातली शिऱ्याची वाटी खाली ठेवलीत आणि जिना उतरून गेलात. त्यानंतर तुमचं दार तिला कधी उघडलं नाही. पुढे तुम्ही ऐरोलीला गेलात.

तुमचा राग सोवळ्याओवळ्याचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. बंडूभाऊंना तुम्ही निरोप दिलात आणि त्यांनी तो ऐकला, एवढाच तुमचा आधार होता. तो तिने बोंबलावर उडवून लावला. मी तिला म्हटलं, जा, माफी माग. ती म्हणाली, "मी तिच्या भल्यासाठीच केलं. तिला चक्कर आली असती तर कोण बघणार होतं?" ते खरंच होतं. बोंबील ठेवताना ती चुकली नाही, सांगताना चुकली. पण चुकले हा शब्द तिच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. चाळीस वर्षांत एकदा आमटी करपली, तर तिने गॅस कंपनीला फोन केला होता.

तिने काय केलं ते सांगतो. दर ख्रिसमसला ती तुमच्यासाठी वेगळा केक करायची ना, बिनअंड्याचा, तुम्ही मार्गशीर्ष पाळता म्हणून? तुम्ही गेल्यावरही ती तो करत राहिली. डब्यात भरायची, डबा दारापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मग तो मला खावा लागायचा. मी विचारलं हा कशाला, तर म्हणाली डॉक्टरांनी तुला अंडं बंद केलंय. कुठल्याही डॉक्टरने मला अंडं बंद केलेलं नाही. जाण्याआधीच्या ख्रिसमसलासुद्धा तिने तो केला, खुर्चीत बसून मला पीठ फेटायला लावून. वहिनी, तो केक काही चांगला होत नाही. तुम्ही इतकी वर्षं वाखाणत होतात, म्हणजे शुद्धिस्थानात तुमचीही जागा ठरलेली आहे.

आता मी काय केलं ते ऐका, आणि फादर सनींना सांगू नका. या वर्षी सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांची पानं टेरेसवर गेली, तेव्हा मीही एक ठेवलं. कॅथोलिक माणसाने हे करावं का, ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं. भात ठेवला, सुरमईची आमटी ठेवली, आणि म्हटलं धोका नको, वर सुका बोंबीलही ठेवू. घरात तो नव्हताच. आणायला गेलो तर बायजाबाई बघतच राहिली. म्हणाली, "तुमचे घरान सुकं बंद हाय ना, भाऊ? बाय बोलली व्हती, आता कधी आनू नको म्हनून." कधी बोलली विचारलं, तर त्या सत्यनारायणाच्या दुसऱ्याच दिवशी. आमच्या घरात बोंबील तळला जायचा, पण सुका कधी आला नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

कावळा आला, डिशच्या छत्रीवर बसला आणि बसूनच राहिला. शेजारची पानं संपवली, माझ्याकडे फिरकला नाही. म्हटलं, पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पान ठेवलं. आदल्या दिवसाचं उष्टं उचललेलं, टेरेसवर माझ्याशिवाय कुणाचंच पान नाही. कबुतरांनी भात संपवला. बोंबलाला कुणी चोच लावली नाही. मी छत्रीवरच्या कावळ्याला खुणावलं, बोंबील उचलून दाखवला, रेजिनासारखी त्याची नक्कलसुद्धा केली. वॉचमनने प्रसादला फोन केला असेल तर हेच कारण, माझं डोकं ठिकाणावर आहे. शेवटी मी त्याला म्हटलं, मिस्सा लावतो. हलला नाही. सिसिलियाशी नीट बोलीन. हलला नाही. मग मी म्हटलं, चारुवहिनींना पत्र लिहितो. तर तो उठला, पानाच्या काठावर येऊन बसला, बोंबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि न खाता उडाला. नुसत्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नाही. रेजिनाचाही कधी बसला नसता.

म्हणून हे पत्र. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली ही, की सुक्या बोंबलाने कावळा येत नाही. मी दोन दिवस स्वतः करून पाहिलं. त्या दिवशी तुमच्यासाठी तो आला तो बोंबलाला भुलून नाही, तुमचं ऐकून बंडूभाऊच निघाले. तुमच्या निरोपाची जी थट्टा झाली, ती खोट्या आधारावर झाली, आणि हे तुम्हाला माझ्याकडून कळावं असं मला फार वाटत होतं. दुसरी गोष्ट, मी भांडण हरलो आहे. रेजिना तिथेच आहे, पाय धूत बसली आहे, आणि एक डाग तिच्याच्याने निघत नाही. दोन नोव्हेंबर आमचा सर्व मृतांचा दिवस. संध्याकाळी दफनभूमीत मिस्सा असते, माणसं कबरींवर मेणबत्त्या लावतात. तिचं नाव मी दिलं आहे. हिंदू बाईच्या प्रार्थनेचा उपयोग होतो का, असं फादरना विचारलं, तर ते म्हणाले, "अंकल, तिचीच तर गरज हाय." तिच्या वतीने मी तुमची माफी मागतो, तिला ती मागायची होती, हे त्या केकांनी मला सांगितलं. जमलं तर या, वहिनी. आधी तिला दोन शब्द सुनवायचे असतील तर सुनवा, तिला आवडेल, इतक्या वर्षांत तिला तोडीस तोड बोलणारं कुणी भेटलेलं नाही. आणि मग मेणबत्ती लावून, बंडूभाऊंना म्हणालात तेवढंच तिलाही म्हणा. जा आता.

वाट बघणारा तुमचाच भावजी,
इनास