सोमवारचा पाऊस

बुलढाणा, ८ जानेवारी २०२४

ती. मामांस,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

तुमची पावसाची वही पोचली. शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या सत्तावीस पावसाळ्यांच्या नोंदी, त्याही इतक्या सुवाच्य! आमचे साहेब बघतच राहिले. उंद्रीच्या नव्या तलावातलं जादा पाणी जायला सांडवा किती रुंद हवा, ते आता याच वहीवरून ठरणार. एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडतो, त्यावर सगळं गणित आहे. सांडवा कमी पडला तर भिंत फुटून खालची वस्ती वाहून जाईल.

पण मामा, तुमची चोरी पकडली! मोठे आकडे सोमवारचेच कसे? रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजत होतात ना? सर्वांत मोठा आकडा ७ ऑगस्ट २००६चा, १८२ मिलिमीटर. तोही सोमवारच. तो दोन दिवसांचा असेल तर अरुंद सांडवा चालेल. एकाच दिवसाचा असेल तर सांडवा तुमच्या संत्र्याच्या बागेतून न्यावा लागेल. खरं काय ते कळवा. मामींना नमस्कार.

तुमची लाडकी,
समीक्षा

उंद्री, १५ जानेवारी २०२४

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी लाज वाटली, मग फार अभिमान वाटला. इतक्या वर्षांत तपासणीला आलेल्या एकाही साहेबाला जे दिसलं नाही, ते तू आठवड्यात हेरलंस. बाकीचे सोमवार दोन दिवसांचेच धर.

तो एक सोडून. त्या रविवारी सकाळी शाळेचं छत गळतं म्हणून पोषण आहाराचा तांदूळ हलवायला मी आणि तुझी मामी गेलो होतो. तेव्हा मापक रिकामा केला होता; पाणी जेमतेम चार मिलिमीटर होतं. सुट्टी म्हणून वहीत लिहिलं नाही. म्हणजे १८२ एकाच दिवसाचे.

हे लिहायला दोन दिवस घेतले, लपवत नाही. झाडं हातानं लावलेली आहेत. मामीला विचारलं, तर म्हणाली, मले काऊन विचारून राह्यले, वही तुमची हाय. मग लिहायला बसलो.

तब्येत सांभाळ, जेवणाची हेळसांड करू नकोस.
रंगराव

बुलढाणा, २ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रुंद सांडवा मंजूर झाला. अठ्ठावीस झाडं जातील. फार वाईट वाटतं, मामा, आणि तुमचा फार अभिमानही वाटतो.

नकाशावर बागेतून रेघ ओढताना माझा हात थांबला. साहेबांनी विचारलं, ही जमीन कोणाची. मी म्हटलं, ज्यांनी आकडा दिला त्यांची.

माया अशीच असू द्या.
समीक्षा