दोन किल्ल्यांचा लॅपटॉप

४ नोव्हेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप सरळ भंगारात काढायला सांगितला, हे वाचून आधी काकूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. प्रसूतिगृहातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीच्या आठवणी ती दोन वर्षं त्यावर टाइप करतेय. प्रकाशकाला पुस्तक तीस तारखेच्या आत हवंय, आणि हा पठ्ठ्या नुसता सुरू व्हायलाच वीस मिनिटं घेतो.

सोबत एक पेन ड्राइव्ह पाठवतेय. त्यात लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं सॉफ्टवेअर. अंगाने हलकं, म्हाताऱ्या लॅपटॉपलाही झेपेल. मात्र ते बसवताना लॅपटॉपवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी काकूच्या फायली तुमच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि उघडतात ना ते पाहा. मग माझा पेन ड्राइव्ह लावा, मराठी निवडा, विचारेल त्याची उत्तरं द्या. शेवटी फायली परत आत घ्या, की झालं.

हे फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण परीक्षा विभागाचे अधीक्षक तोंडी सूचना ग्राह्य धरत नाहीत, निवृत्तीनंतरही नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. काकूला नमस्कार. तिला म्हणावं, घाबरू नकोस.

माया आहेच, ती पत्रांतून दिसत राहू दे.
तुमची,
मुंगी

१२ नोव्हेंबर
जा. क्र. २

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

कळवण्यास आनंद होतो की कार्य निर्विघ्न पार पडलं. लॅपटॉप आता पाऊण मिनिटात सुरू होतो. सुरू होताना दिसणारं पेंग्विनचं चित्र मला जरा पोरकट वाटलं, पण तक्रार नाही.

मध्ये यंत्राने विचारलं की सगळी डिस्क कुलूपबंद करायची आहे का. पासवर्ड हरवल्यास आतलं काहीही कुणालाही कधीही मिळणार नाही, अशी ताकीदही दिली. ती वाचून मला फार समाधान वाटलं. इतकी जबाबदार भाषा अलीकडे कुठे वाचायला मिळते? मी ताबडतोब खूण केली.

तुला माहीतच आहे, आमच्याकडे प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला दोन कुलपं असत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मुख्य लिपिकाकडे. दोघे हजर असल्याशिवाय कपाट उघडत नसे आणि माझ्या कारकिर्दीत एकही पेपर फुटला नाही. तीच पद्धत इथे लावली. अर्धा पासवर्ड माझा, अर्धा तुझ्या काकूचा. मी टाइप करताना तिने भिंतीकडे तोंड केलं, तिच्या वेळी मी. दोघांचेही पाच पाच ठिपके उमटले. त्यावर यंत्राने, पासवर्ड दुबळा आहे, असा शेरा मारला. माझा अर्धा भाग भक्कम असल्याने दोष कुणाचा ते उघड आहे. मी तसं बोलून दाखवलं. तिला ते आवडलं नाही.

फायली परत आत घेतल्या. त्यानंतर जादा प्रत शिल्लक ठेवणं धोक्याचं, म्हणून माझा पेन ड्राइव्ह नियमानुसार हातोडीने नष्ट केला. पंचनाम्यावर दोघांच्या सह्या आहेत. नक्कल सोबत जोडली आहे.

आशीर्वाद पूर्ववत चालू समजावेत.
तुझा काका

१७ नोव्हेंबर

लाडक्या मुंगीस,
अ. आ.

तुझ्या काकांनी मोठ्या ऐटीत पत्र धाडलं असेल. आता माझं ऐक.

मला एक ओळ सुचली तरी त्यांना शोधून आणावं लागतं. परवा ते न्हाव्याकडे बसले होते. अर्धी दाढी झाली होती. मी दारातून खूण केली, तसे गळ्यातल्या कापडासकट उठून घरी आले, मला पाठ फिरवायला लावली, पाच अक्षरं टाइप केली आणि तोंडाच्या फेसासकट परत गेले. न्हावी आता मला ओळख देत नाही.

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण चौदा तारखेला त्यांनी सातवं प्रकरण वाचलं. ते तुझ्या जन्माचं आहे. रस्ता बंद, तुझे वडील कामासाठी परगावी, आणि तू जेवणाच्या टेबलावर जन्माला आलीस, हे तुला ठाऊक आहे. काकांनी शांत डोक्याने पाणी उकळलं, हेही तू त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असशील. मी खरं ते लिहिलंय. पाणी गरम व्हायच्या आधीच ते आडवे झाले होते. एकीकडे तुझी आई, दुसरीकडे हे. मला एकाच वेळी दोन पेशंट होते.

प्रकरण वाचून त्यांनी लॅपटॉप बंद केला. ते पान काढल्याशिवाय आपला अर्धा भाग देणार नाहीत म्हणे. मी म्हटलं, एकतीस वर्षांत मी एका बाळाचं वजनसुद्धा खोटं लिहिलं नाही, तर हे कसं लिहू? तेव्हापासून आमचा अबोला आहे. मीठ हवं असलं तरी चिठ्ठी लिहितात, तीही जावक क्रमांक घालून.

मुंगे, तीस तारीख जवळ आली. दोनशे पानं आहेत गं. पुन्हा लिहायला बसले तर हात साथ देणार नाहीत. तुला हे कुलूप बाहेरून काढता येईल का?

वाट पाहते आहे, पत्राची आणि तुझीही.
तुझी काकू

२० नोव्हेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूचं पत्र आलं. तिला सांगा, आणि ती बोलत नसेल तर चिठ्ठीने सांगा, की हे कुलूप मलाच काय, ज्यांनी बनवलं त्यांनाही काढता येणार नाही. दुसरी प्रत तुम्ही हातोडीने फोडलीत. पंचनामा सुवाच्य आहे, पण त्यातून पुस्तक परत येत नाही. आता ते तुमच्या पाच अक्षरांवर अडलंय.

काका, त्या दिवशी हजर असून जिला काहीच आठवत नाही, अशी मी एकटीच. उकळत्या पाण्याची गोष्ट मी शाळेच्या निबंधात लिहिली होती आणि तुम्ही त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासले होते. खरं सांगू? मला राग नाही आला. पाणी कुणीही उकळतं. माझ्यासाठी बेशुद्ध पडलेला माणूस मला एकच माहीत आहे. त्याला पुस्तकातून काढू नका.

तुमच्यावर चिडलेली आणि तरीही तुमचीच,
मुंगी

२७ नोव्हेंबर
जा. क्र. १९

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पुस्तक काल प्रकाशकाकडे रवाना झालं. सातवं प्रकरण कायम आहे. फक्त एक दुरुस्ती मी लेखी सुचवली, ती तुझ्या काकूने मान्य केली. मी एकदा बेशुद्ध पडलो, असं तिने लिहिलं होतं. ते चूक आहे. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, तुला पहिल्यांदा हातात घेतल्यावर. तू माझ्या छातीवर होतीस, म्हणून तुला लागलं नाही. हे कुणी पाहिलं नव्हतं आणि मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण पुस्तकात चुकीचा आकडा राहिलेला मला चालणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग माझी पाच अक्षरं चिठ्ठीवर लिहिली, लिफाफ्यात घातली, लाख लावली आणि लिफाफा तुझ्या काकूपुढे ठेवला. तिने लाख फोडली, चिठ्ठी वाचली आणि हसता हसता खुर्चीत बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, अक्षर चुकलं. तेवढ्यात तिनेही आपली पाच अक्षरं एका कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवली.

दोन्ही कागदांवर इंग्रजी अक्षरांत तुझं नाव होतं. मुंगी आणि मुंगी. पंधरा दिवस आम्ही ते एकमेकांपासून लपवत होतो. यंत्राचा शेरा बरोबर होता. दुबळा भाग तिचाही होता आणि माझाही.

परीक्षा विभागाच्या भाषेत याला पेपर फुटणं म्हणतात, तेव्हा पासवर्ड बदलावा, असं मी म्हणालो. तुझी काकू म्हणाली, खुशाल बदला, मला दुसरं काही आठवत नाही. मलाही काही आठवलं नाही. म्हणून तोच ठेवला आहे.

हे पत्र वाचून नष्ट करावं. पंचनाम्याची गरज नाही.

तुझा (दोनदा पडलेला)
काका